नऊ मैल आधी

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘पोचलो. जय भीम.’ आम्ही पोचलो नव्हतो. मुक्कामाचं गाव अजून नऊ मैल पुढे होतं.

मेसेज गेला, लगेच दोन अंगठे उमटले, एक माझ्या मुलीचा, आन्याचा, आणि एक प्रीताचा, म्हणजे माझ्या भावजयीचा. मग फोन बंद पडला. आदल्या दिवशीच्या पावसात त्याच्या चार्जिंगच्या जागेत ओल शिरली होती आणि रात्रभर लावूनही तो चार्ज झाला नव्हता.

हे आधीच ‘पोचलो’ म्हणणं त्या प्रवासात रोजचंच झालं होतं. माझी आई, रत्नाबाई, शॉमबर्गला माझ्याकडे राहते. वय ब्याऐंशी. मधुमेहाची गोळी ती संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेते, आणि प्रवासाला गेलेलं माणूस पोचल्याचं कळल्याशिवाय जेवायला बसत नाही. आम्ही नागपूरहून वसतिगृहात जायचो तेव्हापासून. तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानात फोन करून सांगावं लागायचं. आता आन्या तिला मेसेज वाचून दाखवते. साडेपाचच्या पुढे गेलं की आईची साखर खाली येते आणि तिला घाम फुटतो. म्हणून पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं आधी कळवलं, दुसऱ्या दिवशी चाळीस. त्या दिवशी, चौथ्या, अख्खे नऊ मैल.

“ताई, लॅबमध्ये असं केलंस तर?” धम्मदीपनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“नोकरी जाईल.”

“आणि इथे?”

“इथे आई जेवेल.”

धम्मदीप माझा धाकटा भाऊ. मिशिगनमध्ये ट्रॉयला असतो, एका मोटार कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. मी पाण्याच्या तपासणीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं आहे. चाचणी न करता आकडा लिहून टाकणं याला आमच्याकडे ‘ड्राय लॅब’ म्हणतात, आणि त्याहून मोठा गुन्हा आमच्या कामात नाही. एकाची नोकरी तर माझ्याच तक्रारीवरून गेली होती.

धम्मदीपला पन्नास पूर्ण झाली म्हणून त्याला मिझुरीतली ही ट्रेल करायची होती. जुना रेल्वेमार्ग उखडून त्या जागी चुनखडीची बारीक कच पसरून केलेला, नदीच्या कडेकडेनं, एका बाजूला उंच कडा आणि दुसऱ्या बाजूला शेतं ठेवून जाणारा सायकलरस्ता. प्रीताला गुडघ्यामुळे जमणार नव्हतं. मग तो म्हणाला, “तू चल. तू बरोबर असलीस की निदान पंक्चर तरी शास्त्रशुद्ध निघेल.”

त्या सकाळी रस्त्यावर आडवा लाकडी अडसर होता. पुरामुळे पुढचा भाग बंद. धम्मदीप उतरला.

“परत जायचं?”

मी फोनवर नदीच्या गेजचा, म्हणजे पातळी मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख उघडला. फोनमध्ये तेव्हा थोडी बॅटरी होती. पाणी दोन दिवसांपूर्वी सर्वांत वर जाऊन उतरायला लागलं होतं. चोवीस तासांत अकरा इंच खाली.

“उतरतंय,” मी म्हणाले. “जाऊ या.”

“नक्की ना? मी तुझ्या भरवशावर आहे यार.”

“आलेख बघ की तू.”

आलेख बरोबर होता. पण तो नदीचा होता. वरच्या शेतांतून कडा उतरून येणाऱ्या ओढ्यांना गेज नसतो, आणि आदल्या रात्रीचा पाऊस त्या शेतांवर पडला होता. नदी अजून उंच असल्यामुळे ओढ्यांचं पाणी तिच्यात जाऊ शकत नव्हतं. ते कडा आणि ट्रेलचा भराव यांच्यामध्ये साठत होतं. हे मला कळायला हवं होतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलेखानं दिलं होतं, मी प्रश्नच चुकीचा विचारला.

सव्वापाचला एक लोखंडी पूल दिसला. धम्मदीप माझ्या वीसेक फूट पुढे होता.

“ताई, बघ! कोरडा ठणठणीत! उगाच घाबरवतात लोकांना...”

आणि तो दिसेनासा झाला.

आवाज फार झाला नाही. ओली माती खचते तेवढाच. वरचा कचेचा थर जसाच्या तसा होता, खालून भराव वाहून गेला होता, आणि सायकलच्या वजनानं तो थर पापडासारखा मोडला. मी पोटावर झोपून कडेपर्यंत सरकले. तो सहा-सात फूट खाली, खचलेल्या मातीवर पडला होता. त्याच्या पायाशी तपकिरी पाणी जोरात पुलाकडे जात होतं. सायकलचा पुढचा भाग पाण्यात होता आणि हँडलवर लावलेला त्याचा फोन आणि पॉवर बँकही.

“दीपू!”

“आहे. आहे मी. ताई, पायाकडे बघू नको.”

मी बघितलं. डावी मांडी जिथे वाकायला नको तिथे वाकली होती. रक्त बाहेर आलेलं नव्हतं. मांडीच्या हाडाजवळ आत एक लिटरपर्यंत रक्त साठू शकतं, हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

त्याला वर काढायला पंचवीस मिनिटं लागली. मी सायकलच्या पिशव्यांचे पट्टे एकमेकांना जोडून त्याच्या काखेतून घातले, तो हातांच्या जोरावर कोपरं रोवत चढला आणि मी मागे रेलून ओढत राहिले. मध्ये दोनदा तो ओरडला. एरवी तो दात आवळून आईला आठवत होता. “आई, आई गं, आई,” असं एका सुरात. मग मी खाली उतरून त्याच्या सायकलच्या मागच्या दोन पिशव्या सोडवल्या. वर आले तोवर सायकल गेली होती.

मैलाच्या खांबाशी त्याला टेकवून मी मागे परतायचा रस्ता बघायला धावले. दोन-अडीचशे पावलांवर ट्रेलला थोडा उतार होता. अर्ध्या तासापूर्वी आम्ही तिथून कोरडे आलो होतो. आता तिथून पाणी ट्रेल ओलांडत होतं, कड्याकडून शेतांकडे, आणि त्यात कुंपणाचा एक लाकडी खांब गरकन फिरत गेला. पुढे भगदाड, मागे हे. डावीकडे शेतं होती, पण मक्याचे शेंडे तेवढे वर. उजवीकडे कडा आणि आमच्यामध्ये तीसेक मीटर रुंदीचं पाणी. ते हलत नव्हतं. फक्त वर येत होतं.

मी भरावाच्या उतारावर पाण्याच्या रेषेशी एक काडी रोवली आणि घड्याळ बघितलं. पाच पन्नास. माझी वीत एकोणीस सेंटिमीटर आहे. पाण्यापासून माथ्यापर्यंत उभी उंची तीन विती. दहा मिनिटांनी पाणी चार सेंटिमीटर वर आलं होतं.

“किती?” धम्मदीपनं विचारलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“काय किती?”

“तू काड्या रोवतेस म्हणजे काहीतरी किती असणार.”

“सव्वाआठपर्यंत वेळ आहे.”

“मग काय होईल?”

मी खरं सांगितलं. पाणी माथ्यावरून वाहायला लागलं की भराव टिकत नाही. कच निघून जाते, मग माती.

त्यानं पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, “सव्वाआठ म्हणजे भरपूर आहे. हॉटेलवाली बाई आहे ना? कालच फोनवर म्हणाली, पूर आहे, पाचपर्यंत या, नाहीतर मी चौकशी करीन. करणार ती. गोरी माणसं अशा बाबतीत पक्की असतात. फोन करेल, कोणीतरी बोट घेऊन येईल. बस तू.”

मी बसले. त्याचा हात हातात घेतला. तो थंड होता, पण नाडी नीट लागत होती, शंभरच्या वर. मनात मी त्या बाईच्या मागे मागे जात होते. पाच वाजले. आम्ही आलो नाही. ती माझा नंबर लावते, बंद. धम्मदीपचा, बंद. मग ती बुकिंगचा कागद काढते. त्यावर अडचणीच्या वेळी कळवायचा नंबर लिहिलेला असतो.

“दीपू, बुकिंगमध्ये इमर्जन्सीसाठी नंबर कोणाचा दिलास?”

“आन्याचा. का?”

त्याला कळायला दोन सेकंद लागले.

“आन्या सांगेल...”

“आन्या सांगेल, ते पोचले. आईचा मेसेज आलाय.”

“पण बाई म्हणेल ना, माझ्याकडे नाही पोचले!”

“मग आन्या म्हणेल, दुसरीकडे उतरले असतील. तिला का शंका येईल? मी कधी खोटं लिहिलंय?”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता तो मला काहीतरी बोलेल. बोलला असता तर मला हलकं वाटलं असतं.

“आई जेवली असेल,” तो म्हणाला, एवढंच.

सहा वीसला मी तिसरी काडी बघितली. आता दहा मिनिटांत पाच सेंटिमीटर. सव्वाआठ नव्हे, पावणेआठ. आणि कोणीही येणार नव्हतं. उन्हाळ्याचा लांब दिवस होता, स्वच्छ उजेड होता, कड्यावर वरती कुठेतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी उभी राहून ओरडले. धम्मदीपही ओरडला. ट्रॅक्टर दूर गेला.

“मला जावं लागेल,” मी म्हणाले.

“कुठून?”

मी पाण्याकडे बोट केलं.

“तुला पोहता येत नाही.”

“माहितीये.”

“ताई, तू अंबाझरी तलावाच्या काठाला उभी राहूनसुद्धा माझा शर्ट पकडायचीस.”

“दीपू, गप्प बस. मला हिशेब करू दे.”

आमच्याकडे सायकलच्या चार पिशव्या होत्या, जाड रबरी कापडाच्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या. पाणी आत जात नाही, म्हणजे हवाही बाहेर येत नाही. प्रत्येकीवर लिहिलेलं होतं, वीस लिटर. एका पिशवीत हवा भरली तर ती वीस किलोला उचलून धरते. पाण्यात माणसाचं डोकं वर राहायला याच्या निम्मंही पुरतं. मी कपडे, औषधं, डाळीचे लाडू सगळं बाहेर ओतलं आणि पिशव्या हवेत फिरवून, फुगवून, तोंडं गुंडाळली.

“चारही घेऊन जा,” तो म्हणाला.

“दोन तुला.”

“मला पोहता येतं.”

“एका पायानं?”

“ताई, तू बुडालीस तर माझ्याकडे दोन पिशव्या असून काय उपयोग? कोणाला कळणारच नाही मी इथे आहे. लॉजिक बघ ना!”

त्याचं बरोबर होतं. आकडे त्याच्या बाजूनं होते. मी दोनच घेतल्या. बाकीच्या दोन त्याच्या छातीला पट्ट्यांनी बांधल्या. सायकलच्या सुट्या ट्यूब जोडून एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं मैलाच्या खांबाला बांधलं, सैल, म्हणजे पाणी वर आलं तरी तो तरंगेल आणि वाहून जाणार नाही. मग त्याच्या हातात दुरुस्तीच्या अवजारातली चाकूची पात उघडून दिली.

“खांब हलला तर ट्यूब कापायची. खांब तुला खाली ओढेल.”

“कसं कळेल हलला ते?”

“पाठ टेकवून ठेव.”

त्यानं मान हलवली. मग माझी बाही पकडली आणि सोडलीच नाही. तो रडत नव्हता, त्याचे दात वाजत होते. “ताई, थोडं थांब ना,” तो म्हणाला. “पाच मिनिटं.”

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

सहा चाळीसला मी पाण्यात उतरले. चौथ्या पावलाला जमीन गेली. डोकं खाली गेलं, नाकातोंडात पाणी, त्याला डिझेलचा आणि शेणाचा वास, आणि मग पिशव्यांनी मला काखांतून वर उचललं. मी पाय मारायला लागले. पुढे जातेय की जागच्या जागी आहे, कळत नव्हतं. मागून धम्मदीप सांगत होता, “पाय सरळ! गुडघे नको! मागे लाथ मार, कोणाचा राग असेल त्याला!” मध्येच त्याचा आवाज थांबला. मला वळता येत नव्हतं. वळले असते तर उलटले असते. मी लाथा मारत राहिले. पायाला काहीतरी मऊ लागलं आणि सुटलं. मग फांद्या आल्या, मग दगड.

वळून बघितलं तेव्हा तो हात वर करून होता. बेट त्याच्याभोवती बैठकीच्या खोलीएवढं उरलं होतं.

कडा एका घळीतून चढता येत होता. मी हातापायांवर चढले. वरती सोयाबीनचं शेत आणि त्यापलीकडे कच्चा रस्ता. पहिल्या घराचं दार वाजवलं, आत कुत्रा भुंकला, माणूस नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध पळत राहिले. सात पंचवीसला समोरून एक पिकअप आला. आत सत्तरीची बाई होती, तिनं काच अर्धीच खाली केली. मी काय दिसत असेन ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी मैलाचा आकडा सांगितला, भाऊ, मांडीचं हाड, पाण्याचा वेग. तिनं काही न विचारता फोन लावून माझ्या हातात दिला.

पलीकडच्या माणसानं मैलाचा आकडा पुन्हा विचारला. मग कीबोर्डचा आवाज.

“मॅडम, दोन सायकलस्वार, त्याच भागात, अशी चौकशी आमच्याकडे साडेपाचला आली होती. हॉटेलमधून. बोट निघणारच होती. पण घरच्यांनी ते सुखरूप पोचल्याचं सांगितलं, म्हणून ती दुसरीकडे पाठवली. ते दोघं वेगळे का?”

“नाही,” मी म्हणाले. “तेच.”

बोट परत वळवून शेतांच्या बाजूनं पाण्यात उतरवायला आठ वाजून सात मिनिटं झाली. पिकअपवाल्या बाईनं मला तिथे नेलं. स्वयंसेवक दोन होते, एक दाढीवाला आणि एक उंच मुलगी. दाढीवाला म्हणाला, नातेवाइकांना बोटीत घेता येत नाही.

“मैलाचे खांब पाण्याखाली असतील,” मी म्हणाले. “कड्यावरची ती घळ फक्त मी बघितली आहे. तिच्या समोर तो आहे. होता.”

त्यानं मुलीकडे बघितलं. तिनं मला लाइफ जॅकेट दिलं.

मक्याच्या शेंड्यांमधून आम्ही गेलो. सूर्य कड्यामागे गेला होता, पण आकाश उजळ होतं. घळ दिसली. तिच्यासमोर काही नव्हतं. ना बेट, ना खांब. कड्याकडचं सगळं साठलेलं पाणी एका रुंद घसरणीवरून शेतांत उतरत होतं. दाढीवाल्यानं इंजिन कमी केलं आणि टोपी मागे सारली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“वाहत्या दिशेनं,” मी म्हणाले. “त्याच्या छातीला चाळीस लिटर हवा आहे. तो बुडू शकत नाही. वाहत्या दिशेनं चला.” मी हे तीन-चारदा म्हणाले असेन. आकडा खरा होता. पण पट्टे मी बांधले होते, आणि त्या दिवशी मी दोनदा चुकले होते.

शेताच्या टोकाला झाडांची रांग होती. मी ‘दीपू’ म्हणून ओरडले. इंजिन बंद करून आम्ही ऐकलं. पुन्हा ओरडले. उंच मुलगी म्हणाली, “ते पिवळं काय आहे?”

ती मी त्याच्या छातीला बांधलेली पिशवी होती. विलोच्या झाडाच्या दोन फांद्यांत अडकलेली, आणि तिच्याखाली धम्मदीपचं डोकं, मागे टाकलेलं, तोंड आकाशाकडे. दुसरी पिशवी नव्हती. कमरेला ट्यूबचा कापलेला तुकडा लोंबत होता. डोळे अर्धे उघडे होते आणि तो कुडकुडत नव्हता. शरीर कुडकुडायचं थांबतं त्याचा अर्थ मला माहीत होता.

त्यांनी त्याला आत ओढलं तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही. मुलीनं चमकणारं पातळ ब्लँकेट काढलं. मी तिला थांबवलं, आधी लाइफ जॅकेट आणि माझा ओला शर्ट काढला, त्याचा कापून काढला आणि त्याच्या अंगावर आडवी झाले. मग तिनं ते आम्हा दोघांवर टाकलं. तो नदीतल्या दगडासारखा गार होता. बोट वळली. दाढीवाला रेडिओवर अँब्युलन्सला जागा सांगत होता, बारा मिनिटं म्हणाला, मग पंधरा.

मी कान त्याच्या तोंडाशी नेला आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळे ठेवून श्वास मोजले. मिनिटाला नऊ.

“दीपू, ऐकतोयस? मीच आहे.”

पुढच्या मिनिटाला आठ. मी त्याच्या मानेखाली माझा हात घातला, त्याचं डोकं मागे झुकवलं, जबडा पुढे धरला, म्हणजे हवेला वाट राहील. मुलगी माझ्या पाठीवर तिचं जाकीट पसरत होती. त्यानंतरच्या मिनिटाला आठ. मग नऊ. काठावर लाल दिवे दिसायला लागले होते, पण किती दूर ते मी बघितलं नाही. काटा पुन्हा बारावर आला आणि मी नव्यानं मोजायला लागले.